‘फणस’ बँडची एकुलती एक ‘दुपार’

घरात रिकामे डबे साठतात तसे बँडच्या लोकांकडे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कोणी आलं-गेलं की एखादा काढून दाखवल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ‘फणस’ बँडनं आयुष्यात एकच अल्बम काढला. नाव ‘दुपार’, गाणी आठ. त्याला आता पंधरा वर्षं झाली. गाणी आठच्या आठच राहिली, किस्से मात्र वाढतच चाललेत!

बँड म्हणजे आम्ही तिघं. गाणारा आणि गिटार वाजवणारा माधव, ड्रमवर सेल्वम, आणि बेस गिटार घेऊन मी, तुळजा. माधव आणि मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एकाच गल्लीतले, घरात मराठी बोलणारे. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला तुळजाक्का म्हणतो. सेल्वम तिरुवैयारुचा, तमिळ. त्याचे वडील मृदंग शिकवतात. माधव शाळेत गणित शिकवतो आणि मी कॉलेजात फिजिक्स. ही शेवटची गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झालाय.

आणखी एक आधीच सांगून टाकते. अल्बमनंतर दोन वर्षांनी माधवचं गाणं थांबलं. लोक विचारतात, दुसरा अल्बम कधी? मी हसून विषय बदलते. पण मनातून मी इतकी वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होते. या मुलानं परत तोंड उघडून गावं.

* * *

सुरुवातीला आम्ही माधवच्या घरी प्रॅक्टिस करायचो. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. पहिल्या आठवड्यात समोरच्या मामींचा निरोप आला, गाणं चांगलं आहे, पण ते संपतं कधी? दुसऱ्या आठवड्यात निरोप आला नाही. मामी स्वतः आल्या.

मग सेल्वमनं वीणेचा कारखाना शोधून काढला. कारखाना म्हणजे एक लांबच लांब कौलारू शेड. तिथं गोविंद आसारी फणसाच्या लाकडाच्या वीणा करायचे. भिंतीवर खिळ्यांना वीणा टांगलेल्या, काही तारा लावून तयार, काही नुसत्याच कोरलेल्या. पायाखाली मऊ भुसा, कौलांच्या फटीतून उतरलेलं ऊन, आणि वीणेचे पडदे बसवायचं मेण पातळ होत असायचं त्याचा वास. आमच्या बँडचं नाव तिथंच पडलं. दुपारी एक ते तीन काम बंद. कारागीर जेवायला घरी जायचे आणि आसारी फळ्यांच्या थप्पीमागे चटई टाकून आडवे व्हायचे.

आम्हाला तेच दोन तास हवे होते. तुमची झोपमोड होईल, असं आम्ही भीत भीत म्हटलं. ते म्हणाले, जन्मभर ठोकाठोकीत बसलेल्या माणसाला आवाजाचा त्रास नसतो, त्याला शांतता झोपू देत नाही. अट एकच घातली. “वाजवायला लागलात की थांबायचं नाही. थांबलात की मला जाग येते.”

माणूस शब्दाचा पक्का! आम्ही वाजवत असू तोवर तिकडून हाक नाही. चूक झाली, भांडायला थांबलो, की लगेच फळ्यांमागून “एन आच्चु?”, म्हणजे काय झालं? त्या धास्तीनं आम्ही चुकलो तरी थांबत नसू. चूक तशीच पुढे ओढत न्यायची आणि दोन गाण्यांच्या मधेही काहीतरी वाजवत राहायचं. पुढे कोणीतरी फार सुंदर लिहिलं, की या बँडची गाणी एकमेकांत विरघळत जातात. अहो, म्हातारबुवांना जाग येऊ नये म्हणून!

बरोबर तीन वाजता मागच्या घरातून त्यांची सून वळ्ळी कॉफी घेऊन यायची. ती आली की वाजवणं संपलं आणि आसारी उठले. असे आमचे दिवस चालले होते. मला अजूनही कधी कधी वर्गात शिकवताना मधेच त्या मेणाचा वास येतो.

* * *

आसारींना एक खोड होती. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं टकटक करायचं, कान लावायचा, आणि तोंड मिटून तोच सूर घशातून काढायचा. ओंडका असो, दार असो, गिऱ्हाइकाच्या हातातली काठी असो, कोणाची सुटका नाही.

मी मोठ्या हौसेनं घेतलेला बेस त्यांनी पहिल्याच दिवशी ठोकून पाहिला. हुंकार दिला. मग सेल्वमला म्हणाले, लाकूड कच्चं आहे, हे अजून स्वतःला झाड समजतंय.

मी दोन दिवस फुरंगटून गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी दारात दिसल्या दिसल्या त्यांनी विचारलं, “झाड आणलंस का?”

आजही स्टेजवर चढायच्या आधी सेल्वम माझ्याकडे बघून विचारतो, अक्का, झाडाला पाणी घातलं का?

* * *

रेकॉर्डिंगला चेन्नईहून जोसेफ नावाचा इंजिनियर आला. दहा दुपारी लागल्या. दुसऱ्याच दिवशी हेडफोन काढून तो म्हणाला, मागे काहीतरी घुमतंय.

खरंच होतं. गाण्याच्या तळाशी एक घुमारा होता, जाड आणि मऊ. माधव ज्या सुरावर थांबायचा तिथं तो हळूच येऊन बसायचा. जोसेफनं केबल बदलल्या, पंखा बंद केला, शेजारचा पाण्याचा पंप बंद करवला. घुमारा जाईना. गंमत म्हणजे आम्ही वाजवणं थांबवून शोधायला लागलो की तोही थांबायचा, आणि फळ्यांमागून “एन आच्चु?”

शेवटी जोसेफनं तो मशीनवर बसून काढून टाकला. गाणं अगदी स्वच्छ झालं. आम्ही तिघांनी ऐकलं. पानात सगळं वाढलंय आणि मीठच राहिलंय, तसं ते लागलं. माधव म्हणाला, “होतें तसें ठेव.”

पण मुळात हे आहे काय? इथं मी पुढे सरसावले. खडू नव्हता, म्हणून भुशात बोटानं आकृती काढली. भिंतीवरच्या वीणांना तारा आहेत. आपला सूर त्यांच्या सुराशी जुळला की त्या कोणी न छेडता थरथरायला लागतात. याला अनुनाद म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. आसारींनीही आकृतीभोवती एक चक्कर मारली. सेल्वमनं त्यांना सोप्या तमिळमध्ये सगळं समजावून सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, “शिकलेली मुलगी आहे.”

मला केवढा अभिमान वाटला होता! पुढे प्रत्येक मुलाखतीत मी तीच आकृती काढली.

* * *

अल्बम आला आणि पुण्याहून बोलावणं आलं. आमची गाणी आमच्या घरच्या मराठीत, पण माधव ती तमिळ अक्षरांत लिहितो, कारण देवनागरी आम्हाला कोणी शिकवलीच नाही. निवेदकांनी आधी चाळायला म्हणून गाण्यांचा कागद मागितला, बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला आणि अदबीनं परत दिला.

कार्यक्रम झाल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. फार प्रेमानं, एकेक शब्द सावकाश उच्चारत त्यांनी विचारलं, आपण मराठी कुठं शिकलात?

माधव म्हणाला, “घरींच. तीनशें वर्षांचा कोर्स आहे. अजून चालूंच आहे.”

गृहस्थ मनापासून हसले. त्यांच्या मागे एक कॉलेजातली मुलगी उभी होती. तिनं अल्बम इतक्या वेळा ऐकला होता, की आमच्या चुकाही तिला पाठ होत्या. ती जरा हिरमुसली होती. “आज तुमचे ते चौथे आले नाहीत का?” तिनं विचारलं. “मागून गाणारे?”

मी तिला पाच मिनिटं अनुनाद समजावला. ती शहाणी मुलगी, हो हो म्हणाली. तिचा चेहरा मात्र तसाच राहिला. त्या खेपेनंतर लोकांची मराठी पत्रं यायला लागली, ती वाचता यावीत म्हणून मी देवनागरी शिकले. निम्म्या पत्रांत त्या घुमाऱ्याबद्दलच लिहिलेलं असायचं. कोणाला त्यानं झोप लागायची, कोणाला उगाच घरची आठवण यायची.

* * *

तंजावूरहून पापनाशमवरून कुंभकोणमला जाणाऱ्या एका खासगी मिनीबसच्या ड्रायव्हरला आमचं पाचवं गाणं फार आवडायचं. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी रोज दुपारच्या फेरीला भातशेतं लागली की तो ते लावायचा. गाणं तसं साधंच, “ऊन सरलें, सावली बसली, तूं आतां कोठें जातोस”, एवढीच ओळ फिरून फिरून येते.

एकदा त्या बसमध्ये नवरीचा मामा होता. पापनाशमला लग्न, वधू-वर माळा घालतात तेव्हा नवरीला उचलून धरायचा मान मामाचा. मंडपात सगळे ताटकळलेत, मामांचा पत्ता नाही. मामा कुंभकोणमला पोचले होते! आणि एकटे नाहीत, पापनाशमला उतरायचे आणखी सहा जण त्यांच्याबरोबर.

परत येऊन मंडपात शिरल्यावर बहिणीनं खडसावलं, झोप लागली होती का? मामा म्हणाले, नाही ग, जागाच होतो, पण त्या गाण्यातून उतरावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये ते गाणं लावायला बंदी आली. ड्रायव्हर आता ते कुंभकोणमला पोचल्यावर, बस रिकामी झाली की लावतो.

* * *

सेल्वमच्या वडिलांनी अल्बम ऐकायला चार वर्षं घेतली. मुलानं मृदंग सोडून ड्रम धरले याचा राग होता. एक दिवस त्यांनी आम्हा तिघांना तिरुवैयारुला घरी बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाले, लावा.

आठही गाणी मांडीवर ताल धरून ऐकली. मधे एकदाही मान हलवली नाही.  शेवटचं गाणं संपल्यावर ते म्हणाले, मुलगा बरा वाजवतो, घाई करतो. गाणारा बरा आहे. बाईंचं वाजवणं ऐकू आलं नाही.

मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, “पण तो मागचा माणूस श्रुती सोडत नाही. तो कोण?”

मी पुन्हा अनुनाद सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आणखी एक कॉफी द्यायला सांगितली.

* * *

आता दुसऱ्या अल्बमचं. हा किस्सा मी हसत सांगते, पण तो हसण्यासारखा नाही.

चेन्नईचा मोठा स्टुडिओ मिळाला. आम्ही हुरळलो, आसारींच्या शेडमधे परत कशाला जायचं! घुमारा हवा तर वीणाच नेऊ, असं मीच म्हटलं. आसारींकडून सहा तयार वीणा मागून आणल्या, साड्यांत गुंडाळून व्हॅननं चेन्नईला नेल्या आणि स्टुडिओच्या भिंतीवर ओळीनं टांगल्या. लाल दिवा लागला. माधव गायला.

काही नाही. स्वच्छ, कोरडं गाणं.

मी वीणांची जागा बदलली. तारा पुन्हा जुळवल्या. हवेतला दमटपणा, भिंतीचा फोम, जे सुचेल ते कारण काढलं. तीन दिवस चाललं हे. तिसऱ्या दिवशी माधवनं गिटार पेटीत ठेवली.

“तें गाणें आपलें नव्हेंच, तुळजाक्का. वीणांचें होतें. आपण नुसते खालीं बसून होतों.”

मी त्याला समजावायला गेले. पण काय समजावणार? वीणांचं गाणं आहे हे त्याला मीच तर दोन वर्षं पटवून दिलं होतं, भुशात आकृती काढून! शेडमधे परत जाऊन करू म्हटलं, तर म्हणाला, वीणांपुढे भीक मागायची नाही. त्यानंतर तो गायला नाही. आम्ही कुठं वाजवायला गेलो तर गिटार वाजवायचा आणि गाण्याच्या जागी प्रेक्षकच गायचे, त्यांना पाठ असतंच. लोकांना ते फार छान वाटतं. मला बघवत नाही.

* * *

अल्बम आपल्या मजेत जगत राहिला. जी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती त्यांच्या फोनमधे आता तो आहे. एका मुलीनं त्या घुमाऱ्याच्या लाटांचा आलेख हातावर गोंदवून घेतला आणि दाखवायला थेट माधवच्या घरी आली. त्यानं चष्मा लावून तिचा हात नीट पाहिला आणि म्हणाला, सुरेख आहे, पण इथं एक लाट कमी पडली. गणिताचा मास्तर!

आणि माझ्या कॉलेजात अनुनादाचं उदाहरण लिहा असा प्रश्न आला, तर दरवर्षी पाच-सहा जण लिहितात, “फणस बँडचा ‘दुपार’ हा अल्बम.” मी पूर्ण गुण देते. देत होते, म्हणायला हवं.

* * *

यंदा चैत्रात वळ्ळीचा फोन आला. आसारी आता खूप थकलेत. हात कापतात म्हणून काम सोडलं. वीणा एकेक करून लोकांनी नेल्या, तिचा नवरा तिकडे बायपासला प्लायवूडची कपाटं करतो. शेड रिकामी आहे. आणि अय्यांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, दुपारची झोपच लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उपयोग नाही. नुसते छताकडे बघत पडतात. काल म्हणाले, त्या वाजवणाऱ्या मुलांना बोलाव.

मी माधवला सांगितलं. वाटलं होतं नाही म्हणेल. पण म्हाताऱ्या माणसाच्या झोपेला नाही कसं म्हणणार? “वाजवूं,” तो म्हणाला. “गाणार नाहीं मी.”

एक वाजता आम्ही तिघं शेडमधे शिरलो. कौलांतून ऊन तसंच उतरत होतं. भुसा नव्हता, मेणाचा वास नव्हता. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याखाली वीणेच्या आकाराचा फिकट डाग. फळ्यांची थप्पीही गेलेली. आसारींची चटई आता उघड्यावर, कोपऱ्यात होती. त्यांनी माझ्या बेसला पेरानं टकटक केलं, कान लावला, घशातून हुंकार काढला आणि मान हलवली. “पिकलं,” म्हणाले. मला रडू आलं, मी पाठ फिरवून केबल जोडत बसले.

आम्ही पाचवं गाणं धरलं. सेल्वम काठ्यांऐवजी मऊ ब्रशनं, मी दोनच सुरांवर, माधव हळू हळू. थांबायचं नाही हे कोणाला सांगावं लागलं नाही. आसारींनी कूस बदलली, डोळे मिटले. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर कावळाही ओरडत नव्हता.

आणि घुमारा आला.

जाड, मऊ, माधवच्या गिटारखाली हळूच येऊन बसलेला. मी भिंतीकडे पाहिलं. सगळे खिळे रिकामे होते. माधवही भिंतीकडेच बघत होता. सेल्वमचा ब्रश क्षणभर अडखळला, तसा घुमाराही अडखळला, आणि सेल्वमनं घाबरून पुन्हा ताल धरला. मग आम्ही तिघांनीही चटईकडे पाहिलं. आसारी गाढ झोपले होते. ओठ मिटलेले होते, आणि गळ्याची शीर बारीक थरथरत होती.

वळ्ळी त्या दिवशी वेळेआधीच कॉफी घेऊन आली. तिनं सासऱ्यांकडे बघितलं आणि ओशाळून गेली. “झोपेत असंच करतात हो,” ती कुजबुजत म्हणाली. “तुम्ही यायचात तेव्हा तर रोजच. स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तुमच्या गाण्याला त्रास होतो ना? उठवू का?”

“नको,” माधव म्हणाला.

आणि वाजवता वाजवताच तो चटईजवळ सरकला, भुईवर मांडी घालून बसला, आणि पहिल्या ओळीपासून गायला लागला.